भुकेचा रकाना



मेलेल्या माणसाच्या नोंदीत रोगाला रकाना असतो, भुकेला नसतो. आपली कितीतरी लेकरं या रकान्याबाहेर मेली.

शिरड शहापूर. आज हिंगोली जिल्ह्यात, १९७२ ला परभणीत. त्या दुष्काळात माझी आजी तिथं खडी फोडायला होती. मजुरीच्या पैशात लाल मिलो, वर मुठभर सुकडी. तिची पहिली पोरगी दीड वर्षाची. हातपाय काड्या, पोट तेवढं नगाऱ्यावानी. गोवर आला. बाया म्हणाल्या, देवीचं हाय, लिंबाचा पाला ठेवा. पुरळ मावळली, सगळ्यांना वाटलं सुटली. मग जुलाब लागले. आजी अजून सांगते, "आंग तापलंच नाय रं तिचं. गारच पडत गेली. म्या म्हणलं, ताप नाय म्हंजी बरी हाय."

पहाटे गेली.

हे कोडं मला रात्रपाळीच्या सुट्टीत पुस्तकं चाळताना उलगडलं. ताप आणायलासुद्धा अंगात ताकद लागते. फार कुपोषित लेकराला जंतूंनी घेरलं तरी पुष्कळदा ताप येत नाही, उलट अंग थंड पडतं, रक्तातली साखर उतरते. जुलाबानं भूक मरते, भुकेनं जुलाब वाढतात. गोवर तर पुरळ गेल्यावरही कित्येक आठवडे अंगातली झुंजायची ताकद खाऊन टाकतो. अशा लेकराला घाईनं सलाईन भरभरून लावलं तर काळीज थकतं. त्याला ऊब लागते, जंतूंवरचं औषध लागतं आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं अन्न लागतं. खडी फोडणाऱ्या बाईनं ते कुठून आणायचं?

रकान्याची गोष्ट जुनी आहे. आमचा मुलूख निजामाचा, पण शेजारच्या इंग्रजी मुंबई इलाख्यात १८७६-७८ च्या दुष्काळात मरणं लिहिली गेली ती पटकी, देवी, ताप, हगवण अशा नावांखाली. साहेब गेला, वही तशीच राहिली. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत आदिवासींची शंभरावर लेकरं कुपोषण आणि साथीच्या रोगांनी गेली, तेव्हा मुंबईला जाग आली. मुंबईपासून एवढ्या जवळ! २००१ साली डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या संस्थांनी गावोगाव मोजणी करून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त लेकरं मेलेली निघाली. म्हणजे खोटा रकाना मिळायलाही नशीब लागतं.

आजीच्या पोरीची नोंद बापानं एकदा शोधून पाहिली. सापडली नाही.

आता आम्ही चौघंजण रविवारी वस्तीत मोजायची फीत घेऊन फिरतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरला, की ताप असो नसो, त्याच दिवशी दवाखाना. मागच्या खेपेला एक आजीबाई म्हणाली, "ताप नाय त्येला, कशाला नेता?" आम्ही तिलाही सोबत घेतलं.