हाताच्या अंतरावर

नकाशावर विदर्भातल्या तळेगाव (श्यामजी पंत)वर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेला न्या. वाटेत यवतमाळ लागेल, मग कर्नूल, मग मदुराई. तिथून थोडं पुढे जमीन संपते आणि रेघ पाण्यावर येते. विषुववृत्त ओलांडून ती जवळजवळ ४० अंश दक्षिणेपर्यंत नेली की, तळेगावपासून साधारण ६,७०० किलोमीटरवर, ती जागा येते. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२ फुटांची एक शिडाची नाव तिथे डोलकाठ्या मोडून पडली होती आणि तिच्यातला एकुलता एक माणूस पाठीचे मणके मोडून आडवा होता. रेखांश जवळपास तोच, ७८ अंश पूर्व. तळेगावात सूर्य डोक्यावर आला, की त्या नावेवरही दुपारच होत होती.

नाव होती ‘तुरिया’. माणूस भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी. नाव गोव्यात बांधलेली, रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये.

एक वर्षाहून अधिक आधी : गोवा, ऑगस्ट २०१७

तुरिया पाण्यात उतरली. ती ‘सुहैली’ या नावेची प्रतिकृती होती. सुहैली मुंबईची. १९६०च्या दशकात कुलाब्यात भारतीय सुतारांनी ती सागवानात घडवली आणि तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले. त्या प्रवासाला ५० वर्षं होत आली म्हणून २०१८ साली तीच ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा ठरली. अट अशी, की वाट शोधायला नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ जे नव्हतं ते वापरायचं नाही. जीपीएस नाही, संगणकावरचा नकाशा नाही. सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजायचे आणि कागदावर पेन्सिलीने जागा मांडायची.

दांडेकरांना हे काम नवं नव्हतं. ‘म्हादेई’ ही ५६ फुटांची नाव त्यांनीच बांधली होती. कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून भारतातर्फे पहिला मान मिळवला. त्या मोहिमेत टॉमी किनाऱ्यावरून दोंद्यांच्या मदतीला होते. पुढे २०१२-१३ मध्ये तीच म्हादेई घेऊन ते मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता मुंबईलाच परतले. या सगळ्यामागची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. हे आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, समुद्रापासून पुष्कळ आत. विदर्भातल्या वाचकाला समुद्र परका वाटत असेल, तर हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

म्हादेईपेक्षा तुरिया कितीतरी लहान. तिला दोन डोलकाठ्या. लहान नावेत एका माणसाला बरंच काही आवाक्यात राहतं, हा फायदा. पण मोठ्या लाटेपुढे तिची लांबी अपुरी पडते.

८२ दिवस आधी : रविवार, १ जुलै २०१८

फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून १८ जण निघाले. प्रत्येक नावेत एकच माणूस.

एकट्याने शीड चालवणं म्हणजे नक्की काय, ते इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वारा वाढला की शीड लहान करायचं असतं. त्यासाठी नाव वाऱ्याच्या अंगावर घ्यावी लागते, दोर सैल सोडावा लागतो, शीड खाली ओढून त्याचा खालचा पट्टा बांधावा लागतो आणि दोर पुन्हा ताणावा लागतो. दोघं असतील तर एक सुकाणू धरतो, दुसरा डोलकाठीशी जातो. एकटा असेल तर सुकाणू बांधून ठेवावं लागतं किंवा वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राच्या हवाली करावं लागतं, आणि एक हात नेहमी स्वतःला धरून ठेवण्यात अडकतो. म्हणून एकट्याची नाव किनाऱ्यावर सजवतानाच कोणता दोर कुठून येईल, कोणती गाठ अंधारात, ओल्या बोटांनी सुटेल, हे ठरवावं लागतं.

शिकाऊ माणूस लहान कॅटमरान घेतो तेव्हा याच धड्याचं कठोर रूप त्याच्यासमोर येतं. दोन सांगाड्यांच्या या नावेला खाली जड कण्याचा भार नसतो. ती वेगवान असते, सपाट पळते, पण जोराच्या वाऱ्यात एकदा उलटली की आपण होऊन सरळ होत नाही. शिडाचे दोर आधी मोकळे करायचे, नाक वाऱ्याकडे वळवायचं, खालच्या सांगाड्यावर उभं राहून दोराला लोंबकळायचं आणि स्वतःच्या वजनाने ती उभी करायची. एकट्या, हलक्या अंगाच्या माणसाला ते वजन पुरत नाही. अप्पर वर्धासारख्या मोठ्या जलाशयावर कुणी तळेगावकर उद्या शिडं शिकायला गेला, तर सोसाट्याच्या वाऱ्यात एकटं उतरू नये आणि जवळ दुसरी होडी असावी, हे मी त्याला सर्वांत आधी सांगेन. तुरियाला खाली जड कणा होता. त्यामुळे ती उलटून पुन्हा उभी राहू शकत होती. ती उभी राहीपर्यंत माणसाचं काय होईल, हे मात्र त्या कण्याच्या हातात नव्हतं.

आदला दिवस : गुरुवार, २० सप्टेंबर

टॉमी तिसऱ्या स्थानावर. निघाल्यापासून १०,००० सागरी मैलांहून अधिक अंतर कापलेलं. दक्षिण हिंदी महासागराचा हा पट्टा वाऱ्याला कुठेच अडवत नाही. पश्चिमेकडून निघालेली लाट हजारो मैल वाढतच येते. त्या पट्ट्यात तिघे जण एका मोठ्या वादळाच्या वाटेत होते : टॉमी, आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन आणि नेदरलँड्सचे मार्क स्लॅट्स.

अशा वेळी करायचं ते आधीच करायचं असतं. शिडं उतरवायची किंवा अगदी लहान करायची, सुटं सामान बांधायचं, खायचं-प्यायचं हाताशी ठेवायचं. वारा पूर्ण भरात आल्यावर डेकवर जाऊन करावं लागणारं प्रत्येक काम दहापट महाग पडतं.

शुक्रवार, २१ सप्टेंबर : वादळ

वारा ७० नॉटपर्यंत गेला, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर. लाटा १४ मीटरपर्यंत. वारा नावेला ढकलतो, पण आडवी पाडते ती फुटणारी लाट. तिचा माथा कोसळला की टनावारी पाणी बाजूने येऊन आदळतं. तिघांच्याही नावा आडव्या पडल्या. स्लॅट्स दोनदा आडवे झाले, पण त्यांची डोलकाठी टिकली. मॅकगकिन यांची आधी मागची काठी गेली, मग मुख्य.

तोच दिवस : तुरियावर

नाव आडवी झाली, सरळ झाली, आणि लाटा येतच राहिल्या. टॉमी बाहेर डेकवर असताना ती पुन्हा पडली. पुढे त्यांनी मुलाखतींत सांगितलं ते असं : नाव पडली तेव्हा त्यांनी डोलकाठीला धरलं. नाव सरळ झाली आणि ते काठीवर उंचावर लटकत राहिले. मनगटावरचं घड्याळ अडकलं होतं. पट्टा तुटला आणि ते खाली, शिडाच्या आडव्या दांड्यावर पाठीवर आदळले.

नावेच्या दोन्ही काठ्या मोडल्या. मोडकी काठी दोरांनी नावेलाच बांधलेली राहते आणि प्रत्येक लाटेला बाजूवर ठोसे मारते. ते दोर कापायला धडधाकट माणूस लागतो. टॉमी कसेबसे सरपटत आत आले आणि बिछान्यावर पडले.

त्यानंतरचे तास

छोट्या उपग्रह-संदेशयंत्रावरून त्यांनी शर्यतीच्या केंद्राला कळवलं : नाव उलटली, काठ्या गेल्या, पाठीला जबर मार आहे, उठता येत नाही. संकटसूचक यंत्र सुरू केलं. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, हेही कळवलं.

मग तो निरोप आला जो मला या सगळ्यात सर्वांत भीषण वाटतो. पायाची बोटं हलतात, अंग बधिर आहे, आणि आणीबाणीच्या पिशवीपर्यंत पोचणं कठीण आहे. त्या पिशवीत पर्यायी उपग्रह-फोन होता. पिशवी त्याच नावेत होती. तयारीत काहीही राहिलं नव्हतं. सगळं होतं, पण उभ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर होतं आणि माणूस आडवा होता. एकट्याने नाव सजवताना आपण नेहमी उभ्या, शहाण्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या स्वतःचा विचार करतो. माझ्या मते प्रत्येक शिकाऊने आपली नाव एकदा तरी तिच्या तळाशी झोपून बघावी : इथून काय हाताला लागतं?

शनिवार, २२ सप्टेंबर

जवळच्या बंदरांच्या मानाने ती जागा भयंकर दूर होती. पर्थ सुमारे १,९०० सागरी मैल. कॅनबेरातलं ऑस्ट्रेलियाचं बचाव केंद्र सूत्रं हलवत होतं. फ्रान्सचं ‘ओसिरिस’ हे मत्स्य-गस्तीचं जहाज वळवलं गेलं. ऑस्ट्रेलियाचं ‘बॅलरॅट’ निघालं. भारताने ‘सातपुडा’ आणि ‘ज्योती’ ही नौदलाची जहाजं पाठवली.

सर्वांत जवळ होते मॅकगकिन, सुमारे ९० सागरी मैलांवर. नागपूरहून निघून तळेगावमार्गे अमरावती गाठायला जितका रस्ता लागतो, त्याहून थोडं जास्त. त्यांच्या नावेच्याही काठ्या मोडलेल्या. तरी मोडक्यातून जुगाड काठी उभी करून ते टॉमींच्या दिशेने निघाले. त्यांना स्वतःला मदतीची गरज असताना.

तुरियात टॉमी डबाबंद थंड चहा पीत होते. पोटात काही टिकत नव्हतं, सतत उलट्या, छातीत जळजळ.

रविवार, २३ सप्टेंबर

भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून येऊन डोक्यावर घिरट्या घालून गेलं. खाली काठ्या मोडून बाजूला लोंबलेल्या, नाव डोलत असलेली दिसली. विमान खाली उतरू शकत नाही, पण आता जागा नक्की होती आणि नाव तरंगत होती.

सोमवार, २४ सप्टेंबर : भारतीय वेळेनुसार सकाळी ११ च्या सुमारास

ओसिरिसच्या रबरी होड्या तुरियाला भिडल्या. फ्रेंच खलाशांनी टॉमींना स्ट्रेचरवर बांधून काढलं. ते शुद्धीवर होते. त्याच दिवशी ओसिरिसने मॅकगकिन यांनाही उचललं. दोघांना आम्स्टरडॅम बेटावर नेण्यात आलं. तिथून ‘सातपुडा’ने टॉमींना विशाखापट्टणमला आणलं.

त्यापुढे

पाठीत टायटॅनियमचे दांडे बसले आणि टॉमींना चालणं नव्याने शिकावं लागलं. शर्यत त्यांच्याशिवाय पुढे गेली. डिसेंबरमध्ये केप हॉर्नच्या वाटेवर ब्रिटनच्या सुझी गुडॉल यांची नाव उलटली. वेग रोखायला मागे सोडलेल्या साधनाचा दोर तुटला आणि मोठी लाट आली. निघालेल्या १८ पैकी पाचच जणांनी शर्यत पूर्ण केली. ज्यांनी भारताला या वाटेवर आणलं ते आवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये वारले.

सप्टेंबर २०२२ मध्ये टॉमी पुन्हा त्याच बंदरातून, त्याच शर्यतीला निघाले. या वेळी नाव ‘बयानात’, ३६ फुटांची. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, दोनच दिवस आधी.