तास, पॉज आणि शंका

विद्यापीठाचा तास घरच्या टीव्हीवर आला तो १९८४मध्ये, यूजीसीच्या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांतून. वीज गेली की तास बुडाला. २००१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुले करायचे जाहीर केले. २००३मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून एनपीटीईएल सुरू केले. तासच्या तास व्हिडिओत आले. प्रवेशपरीक्षा न देताही आयआयटीचे सर ऐकता येऊ लागले.

मला मोठा वाटतो तो पॉजच्या बटणाचा बदल. मराठी माध्यमातून आलेल्याला भर वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणणे जड जाते. मोबाइलवर तो दहादा मागे जातो, कुणी हसत नाही. मात्र दहाव्यांदाही तेच वाक्य ऐकू येते. वेगळ्या शब्दांत समजावणे व्हिडिओला जमत नाही.