सेनेकाच्या नावावरची ओळ

कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली, हे दाखवणारी ‘गिट ब्लेम’ नावाची सोय आम्ही रोज वापरतो. नीरोबद्दल वाचताना मला तीच आठवते.

इ. स. ४९ मध्ये तत्त्वज्ञ सेनेका लहानग्या नीरोचा शिक्षक झाला. नीरो सम्राट झाल्यावर त्याने त्याच्यासाठी दयेवर ग्रंथही लिहिला. तरी ५९ मध्ये नीरोने सख्ख्या आईचा खून करवला. हे पाप मी शिक्षकाच्या माथी मारणार नाही. पण खुनाचं समर्थन करणारं सिनेटला गेलेलं पत्र सेनेकाने लिहिलं होतं. टॅसिटस सांगतो, त्या पत्रासाठी लोकांनी नीरोपेक्षा सेनेकालाच नावं ठेवली. मला ते पटतं. शिष्याचं कृत्य शिष्याचं. पत्रातली प्रत्येक ओळ मात्र गुरूच्या नावावर.