चूक नेमाची की दारूची?

नेमबाजी म्हटलं की आपण डोळ्याचं आणि हाताचं कौतुक करतो. काडतुसात काय भरलंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. (दारू म्हणजे इथे बंदुकीचीच हं!) पण लांबच्या नेमाचा इतिहास हा बराचसा त्या दारूचाच इतिहास आहे, आणि तो आमच्या बीडच्या शेजारून सुरू करता येतो.

११ मार्च १७९५. बीडच्या हद्दीजवळ खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले. दोन्हीकडे कवायती पलटणी: निजामाकडे रेमंडच्या, शिंद्यांकडे पेराँच्या. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, शिशाची गोळी तिच्यात सैल. प्रत्येक बार वेगळा. शंभरेक यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थच नव्हता, म्हणून रांगेने एकदम बार काढायचे.

पुढे नळीला आटे आले, गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८९० च्या दशकात थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आलं. म्हणजे बघा, सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी: पहिली गोळी जशी गेली तशीच शंभरावी जावी.

हजार यार्डांवर मारणारे हौशी लोक म्हणूनच दारू स्वतः तोलून भरतात. वेगात जरासा फरक पडला की तिथे गोळी वर-खाली लागते. माप थोडं थोडं बदलायचं, पाच-पाच गोळ्या मारायच्या, भोकं सगळ्यात जवळजवळ कधी येतात ते बघायचं.

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरवर. तिथली पॉइंट टू-टूची काडतुसं घरी भरता येत नाहीत. मग वेगवेगळ्या लॉटमधली आपल्याच रायफलीतून मारून बघायची आणि जो लॉट जमेल तो घ्यायचा. दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं!

आमच्या धंद्यात टेस्ट दर वेळी वेगळं उत्तर देऊ लागली की बग सापडत नाही. इथेही तेच. हाताला येईल त्या काडतुसांवर शिकणाऱ्या पोराचा आठ लागला, तर चूक श्वासाची, खांद्याची की दारूची? त्याला कळणार कसं?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पळून पळून ऑलिंपिकला गेला. घड्याळ सगळ्यांना सारखंच असतं. काडतुसांचा डबा नसतो. बीडमधून उद्या कुणी नेमबाज निघायचा असेल, तर त्याला आधी एकसारख्या गोळ्या द्या. मग त्याचा नेम बघू.