विमेन इन फिल्म
चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रांतील स्त्रियांची व्यावसायिक संघटना. ‘द हॉलिवूड रिपोर्टर’च्या प्रकाशक टिची विल्करसन यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापना. पुढे अनेक देशांत अशाच संस्था उभ्या राहिल्या. मार्गदर्शन, शिष्यवृत्त्या आणि अपुरे चित्रपट पूर्ण करण्यासाठी अर्थसाहाय्य ही मूळ संस्थेची प्रमुख कामे. या व्यवसायात प्रत्येक चित्रपटागणिक नवा चमू जमतो व काम बहुधा ओळखीतून मिळते. म्हणून ओळखींचे जाळे हीच येथे रोजगाराची खरी यंत्रणा ठरते आणि त्याबाहेर राहणाऱ्याचे कौशल्य दिसतच नाही. १९२९ पासून दिल्या जाणाऱ्या ऑस्करमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार स्त्रीला प्रथम २०१० मध्ये, कॅथरिन बिगेलो यांना मिळाला. एवढा विलंब केवळ गुणवत्तेने समजावता येत नाही.

वेगळ्या संघटनेमुळे स्त्रिया वेगळ्याच कप्प्यात अडकतात, असा आक्षेप घेतला जातो. केरळचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे २०१७ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झालेल्या ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’च्या मागणीवरून राज्य सरकारने चित्रपटव्यवसायातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी न्या. हेमा समिती नेमली. तिचा अहवाल २०२४ मध्ये, काही भाग वगळून, प्रसिद्ध होताच संपूर्ण मल्याळम चित्रपटव्यवसायाला उत्तरे द्यावी लागली. रंगभूषा, केशभूषा करणाऱ्या आणि ज्युनिअर आर्टिस्ट स्त्रियांपर्यंत मात्र अशा संघटनांचे पाठबळ फार कमी पोहोचते.