फ्लिप्ड क्लासरूम (उलटा वर्ग)

विषयाची पहिली ओळख विद्यार्थ्याने घरीच वाचून किंवा ध्वनिचित्रफीत पाहून करून घ्यायची आणि तासाचा वेळ प्रश्न, वाद व उदाहरणांना द्यायचा, अशी अध्यापनपद्धती. ती गाजली ध्वनिचित्रफितींमुळे. तिचा जीव मात्र फितीत नाही.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकी शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास आढळले की, सूत्रांची गणिते सफाईने सोडवणारे विद्यार्थी बलाविषयीच्या साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नांत अडखळतात. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत होती, हे विशेष. मग त्यांनी वाचन घरी सोपवले आणि वर्गात बहुपर्यायी प्रश्न टाकायला सुरुवात केली. प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर नोंदवायचे, ते शेजाऱ्याला पटवून द्यायचे आणि पुन्हा मत द्यायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असली की चर्चा रंगते. ‘वर्ग उलटवणे’ हा शब्दप्रयोग ओहायोतील मायामी विद्यापीठाच्या तीन अर्थशास्त्र-अध्यापकांच्या २००० सालच्या लेखात येतो.

या पद्धतीतील प्रेरणेचा उगम कशात, हे सांगताना एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांताचा आधार घेतात. स्वायत्तता, ‘मला जमते’ ही जाणीव आणि आपलेपणा या गरजा भागल्या की माणूस आपणहून शिकतो. फीत हवी तिथे थांबवता येते, एवढ्याने फारसे साधत नाही. एकदा उत्तर देऊन बसलेला विद्यार्थी ते बरोबर की चूक हे कळेपर्यंत स्वस्थ बसत नाही. खरी ओढ इथे आहे.

पद्धत फसते ती पूर्वतयारीअभावी. कोणी वाचून आले नाही म्हणून शिक्षकाने फळ्यावर सगळे पुन्हा शिकवले, की पुढच्या वेळी वाचणारेही वाचत नाहीत. त्यावर तोडगा म्हणून तासाआधी छोटी प्रश्नावली देतात आणि तिच्या उत्तरांवरून तासाची आखणी करतात.

‘सर शिकवतच नाहीत’ ही तक्रार ठरलेली. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्गात स्वतः उदाहरणांशी झगडणारे विद्यार्थी चाचणीत सरस ठरले, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. म्हणून सत्राच्या आरंभीच हा निष्कर्ष विद्यार्थ्यांपुढे मांडावा, असे त्या संशोधकांनी सुचवले.