चेंडू हातातून सुटल्यावर

८-०-४७-०.

आमच्या क्लबच्या स्कोअरबुकातली ही ओळ माझ्या हातची आहे. आठ ओव्हर, मेडन एकही नाही, ४७ रन, विकेट शून्य. बॉलर पंधरा वर्षांचा ऑफस्पिनर. त्या दिवशी त्याच्या बॉलिंगवर तीन कॅच सुटले, त्यातले दोन तर एकाच बॅट्समनचे. पण सुटलेल्या कॅचसाठी स्कोअरबुकात रकाना नसतो. पुढच्या आठवड्यात निवड करणाऱ्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली, त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मुलाचं नाव गाळलं. मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही. वहीत तर तसंच लिहिलं होतं, आणि लिहिलं मीच होतं.

चेंडू टाकणाऱ्याचं श्रेय किंवा दोष नेमका कुठपर्यंत धरायचा? हा प्रश्न घेऊन वाचत वाचत मी भलत्याच खेळात जाऊन पोचलो. बेसबॉलमध्ये. तिथे या एका प्रश्नावर लोकांनी शंभराहून जास्त वर्षं डोकं खपवलंय.

गंमत म्हणजे या गोष्टीची सुरुवात एका क्रिकेटवाल्यापासून होते. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला पत्रकार. क्रिकेटच्या बातम्या देता देता तो बेसबॉलकडे वळला आणि जाताना क्रिकेटची हिशेबाची सवय सोबत घेऊन गेला. सामन्याचा तक्ता कसा मांडायचा, बॅटिंगची सरासरी कशी काढायची, हे बेसबॉलला त्यानं शिकवलं. म्हणजे मूळपुरुष आमच्याच जातीचा, स्कोअरर!

पिचरसाठी मात्र सोपा हिशेब बराच काळ एकच होता: त्याच्या नावावर विजय किती, पराभव किती. संघ जिंकला की एका पिचरच्या खात्यात विजय जमा, हरला की एकाच्या खात्यात पराभव. आता पिचरनं दोनच रन दिले, पण त्याच्या संघाला एकच काढता आला, तर? पराभव त्याच्याच नावावर.

यावर उपाय म्हणून १९१२ मध्ये नॅशनल लीगनं आणि १९१३ मध्ये अमेरिकन लीगनं ‘ईआरए’ हा आकडा अधिकृत केला. नऊ डावांमागे पिचरनं सरासरी किती रन दिले, ते यात मोजायचं. फिल्डरच्या चुकीमुळे गेलेले रन त्यातून वगळायचे. म्हणजे सुटलेल्या कॅचचा रकाना त्यांच्याकडे आला होता.

तरी विजय-पराभवाची मोहिनी उतरली नाही. १९८७ साली ह्यूस्टनचा नोलन रायन चाळीस वर्षांचा होता. त्या मोसमात नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए त्याचा, २.७६. सगळ्यात जास्त स्ट्राइकआउटही त्याचेच, २७०. आणि विजय-पराभव? ८ आणि १६. सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड दुसऱ्यालाच गेलं. दोन वर्षांनी ओकलंडच्या स्टॉर्म डेव्हिसचं बरोबर उलटं झालं. ईआरए ४.३६, म्हणजे लीगच्या सरासरीपेक्षाही वाईट. पण १९ विजय, ७ पराभव. त्याचा संघ इतका तगडा होता की त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकून गेला. मग कॅन्सस सिटीनं डेव्हिसला करार देऊन नेलं. १९९० मध्ये तिथे त्याचा हिशेब ७ विजय, १० पराभव. माणूस तोच होता. पाठीमागचा संघ बदलला होता.

इथपर्यंतचं मला पटकन समजलं. पण खरा धक्का पुढे आहे.

चुकीमुळे गेलेले रन वगळले तरी एक भोक उरतंच. चेंडूपर्यंत पोचून तो सांडला, तर फिल्डरची चूक. पण पाय जड असल्यामुळे फिल्डर चेंडूपर्यंत पोचलाच नाही, तर चूक कुणाचीच नाही. तो हिट, आणि त्याचा भुर्दंड पिचरला. आळशी फिल्डर वहीत स्वच्छ दिसतो.

जानेवारी २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकानं ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’वर एक लेख लिहिला. त्यानं पिचरच्या कामाचे दोन भाग केले. पहिल्या भागात फिल्डरांचा संबंध जवळजवळ नसतोच: स्ट्राइकआउट, फुकट बेस देणारा वॉक आणि मैदानाबाहेर गेलेला होमरन. दुसऱ्या भागात बॅटला लागून मैदानातच राहिलेले सगळे चेंडू. मग त्यानं पाहिलं की एका वर्षाचे आकडे पुढच्या वर्षी टिकतात का. पहिल्या भागातले बऱ्यापैकी टिकतात. जो यंदा भरपूर स्ट्राइकआउट करतो, तो पुढच्या वर्षीही करतो. पण मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी किती हिट होतात, याचं प्रमाण मात्र वर्षागणिक कसंही उड्या मारतं. साधारण शंभरातले तीस हिट होतात, आणि यात चांगल्या-वाईट पिचरांमधला फरक आश्चर्य वाटावं इतका कमी.

पेद्रो मार्टिनेझचं उदाहरण बघा. १९९९ आणि २००० या दोन्ही वर्षी बोस्टनकडून खेळताना त्याचे सुमारे ४७० चेंडू बॅटला लागून मैदानात राहिले. पहिल्या वर्षी त्यातले साधारण १५१ हिट झाले, दुसऱ्या वर्षी साधारण १११. चाळीस हिटांचा फरक! १९९९ मध्ये त्यानं जास्त स्ट्राइकआउट केले होते (३१३ विरुद्ध २८४), होमरन कमी दिले होते (९ विरुद्ध १७). तरी ईआरए मात्र २००० चा चांगला: २.०७ वरून १.७४.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित करून पाहिलं. शंभरात तीस या हिशेबानं ४७० चेंडूंत १४१ हिट व्हायला हवेत. निव्वळ फासे टाकले तरी दहाएक इकडेतिकडे होणारच. म्हणजे १५१ अगदी मामुली गोष्ट. त्यासाठी पेद्रोला काही बोलायचं कारण नाही. १११ मात्र निव्वळ फाशांनी क्वचितच पडेल. त्यात नशीब आहे, फिल्डरांचे पाय आहेत आणि थोडा पेद्रोही असेल. कुणाचा वाटा किती, ते एका वर्षाच्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

मॅक्रॅकनच्या लेखावर अर्थातच गदारोळ झाला. पिचरचा हिटवर ताबा नाही? मग इतकी वर्षं आम्ही काय बघत होतो? पण बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा बुजुर्ग बिल जेम्स यानं त्याच वर्षी आपल्या जाड इतिहासग्रंथात मॅक्रॅकनचं म्हणणं मान्य केलं, आणि हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही याची खंतही लिहून टाकली. पुढे रेड सॉक्सनं मॅक्रॅकनला सल्लागार म्हणून घेतलं.

मात्र नवा सिद्धांतही जसाच्या तसा टिकला नाही. २००३ मध्ये टॉम टिपेटनं अनेक पिचरांच्या अख्ख्या कारकिर्दी तपासल्या आणि दाखवलं की काहींचा थोडा ताबा असतोच. विशेषतः नकलबॉल टाकणाऱ्यांचा. हा चेंडू जवळजवळ न फिरता हवेत डुलत येतो आणि बॅटवर नीट बसतच नाही. पण हे कसब दिसायला वर्षानुवर्षांचे चेंडू लागतात. एका मोसमात ते आवाजात बुडून जातं.

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. ‘कसब की नशीब’ असा प्रश्न विचारला की उत्तर चुकतंच. कसब नशिबाच्या आतच असतं. फक्त काही गोष्टींत ते लवकर दिसतं, काहींत फार उशिरा. माणसाला पारखताना आधी लवकर दिसणाऱ्या गोष्टी बघायच्या आणि उशिरा दिसणाऱ्यांसाठी थांबायचं. पण निवड करणाऱ्याकडे थांबायला वेळ नसतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडे आठच ओव्हर असतात.

बेसबॉलवाले हळूहळू शिकले. २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला साय यंग मिळालं, तेव्हा त्याचा हिशेब १३ विजय, १२ पराभव होता. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला मिळालं ते १० विजय आणि ९ पराभवांवर, ईआरए १.७०. रायनच्या वेळी मतं देणाऱ्यांच्या डोळ्यांवर जी पट्टी होती, ती उतरायला दोनेक दशकं लागली.

आता मी स्कोअरबुकाच्या समासात पेन्सिलीनं खुणा करतो. कॅच सुटला की एक टिंब. बॅट्समन साफ चकला की फुली. आणि फुलटॉसवर सीमारेषेवर कॅच गेला, तर विकेटभोवती वर्तुळ. हे वर्तुळ बॉलरांना मुळीच आवडत नाही. टिंबं दाखवायला मात्र सगळे येतात.

त्या जुन्या पानावर मी नंतर तीन टिंबं काढून ठेवली. निवड कधीच होऊन गेली होती. पुढच्या मोसमात तो मुलगा आला नाही. तो खरंच चांगला बॉलर होता का, हे मला अजूनही सांगता येणार नाही. आठ ओव्हरमध्ये ते कुणालाच कळलं नसतं. पण त्या दिवशी वही पुढे करताना मी निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं.